वही प्रभूपुढे उघडा : कर्जाच्या वर्षातून जाणाऱ्या ख्रिस्ती घरासाठी

पेरणी होते, पाऊस वीस दिवस दडी मारतो, दुबार पेरणीचे बियाणे पुन्हा कृषी केंद्रातून उधारीवर येते, आणि विदर्भातल्या कितीतरी घरांत बोलणे बंद होते. घरधनी वावरातून उशिरा येतो. बाई शेजारणीकडे पीठ मागायला लाजते. रविवारी उपासनेला दोघे मागे बसतात आणि आशीर्वादाआधीच उठून जातात. पुढचे लेखन अशा घरासाठी आहे, मग ते चार एकर कोरडवाहूवाल्याचे असो, बटईने वावर करणाऱ्याचे असो की सालदाराचे. त्यांच्या पाळकानेही वाचावे, कारण बऱ्याच चुका उपासना मंदिरात होतात.

आधी वही

अशा वेळी पहिले काम उपास-प्रार्थनेचे नाही. बसून आकडे लिहिण्याचे आहे. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज करा, असे प्रभू येशूने लूक १४:२८ मध्ये सांगितले, तेव्हा हिशेबाला बसणे अविश्वास ठरत नाही. ज्या सतरंजीवर प्रार्थनेला बसता तिच्यावरच वही घेऊन बसा. दोनशे पानी साधी वही पुरते. नवरा-बायको दोघेही हवेत. मुलगा किंवा मुलगी दहावीच्या पुढे असेल तर तिलाही बसवा, बेरीज तीच करेल.

सुरुवातीला प्रभूची प्रार्थना म्हणा. मराठी पवित्र शास्त्राच्या प्रचलित भाषांतरात मत्तय ६:१२ ला ‘ऋण’ हाच शब्द आहे, म्हणजे लहानपणापासून पाठ असलेल्या ओळीत कर्जाचा शब्द आधीच बसलेला आहे. तो तोंडाने म्हणून झाला की वहीत लिहायला जीभ आणि हात जरा सैल होतात.

प्रत्येक देण्याला एक ओळ द्या आणि तिच्यात सात गोष्टी लिहा : कोणाकडून, कोणत्या महिन्यात, मुद्दल किती, व्याजाचा दर, गहाण काय ठेवले, फेडायची तारीख, आणि जामीन कोण. दर लिहिताना गावचा ‘शेकडा’ वर्षाच्या टक्क्यांत बदला. शेकडा पाच म्हणजे शंभराला महिन्याला पाच, वर्षाला साठ टक्के. ४०,००० रुपयांवर ते वर्षाला २४,००० होतात. तेवढ्याच वर्षासाठी सोसायटीच्या ६०,००० च्या पीक कर्जावर ७ टक्क्यांनी ४,२०० होतात. दोन्ही आकडे एकाखाली एक आले की कोणते कर्ज घर खात आहे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

लपलेले व्याजही लिहा. रोखीत १,००० रुपयांना मिळणारे फवारणीचे औषध उधारीत १,१५० ला लावले असेल आणि जूनची उधारी डिसेंबरला फिटत असेल, तर सहा महिन्यांचे १५ टक्के झाले, वर्षाच्या मापाने ३०. श्रावणात सवाईने आणलेली ज्वारीही कर्जच आहे : एक पोते आणून सुगीत सव्वा पोते द्यायचे म्हणजे चार-पाच महिन्यांत पंचवीस टक्के. दिढी असेल तर पन्नास.

पहिल्या रात्री वही पूर्ण होत नाही, आणि याचे कारण ठरलेले आहे. पुरुष दारूची, सट्ट्याची, मित्राच्या हातउसन्याची रक्कम सांगत नाही. बाई बचत गटाचा किंवा आठवड्याच्या वसुलीवाल्या कंपनीचा हप्ता सांगत नाही. म्हणून अर्धे पान कोरे ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा बसा. एक करार आधीच करून घ्या : वही उघडी असताना कोणी कोणावर ओरडायचे नाही. ज्या घरात पहिल्या रात्री भांडण होते तिथे ते कोरे पान कोरेच राहते आणि उरलेले कर्ज पोळ्यानंतर दारात उभे राहते.

घरात काय आहे

सावकार दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला, तेव्हा एक विधवा अलीशाकडे गेली. २ राजे ४ मध्ये संदेष्ट्याने तिला विचारले, तुझ्या घरात काय आहे? पुढचा क्रम शेतकऱ्याच्या घराला जसाच्या तसा लागू पडतो. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आण, तेल विक, आधी कर्ज फेड, उरलेल्यावर तू आणि मुले जगा. चमत्कार मधे आहे; त्याच्या दोन्ही बाजूंना मोजदाद, शेजारी आणि बाजार आहेत.

मोजदाद कोठीपासून करा. पाच माणसांच्या घराला ज्वारी, गहू, तांदूळ मिळून महिन्याला साधारण ५५ किलो धान्य लागते. प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी ५ किलो मोफत मिळते, म्हणजे २५ किलो. अंत्योदय कार्ड असेल तर घराला ३५. प्राधान्य कार्डाच्या घराला उरलेले ३० किलो कुठून येणार, हा प्रश्न आषाढातच वहीत यायला हवा. कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावे आहेत का, सगळ्यांचे आधार जोडले आहे का, हे रेशन दुकानात जाऊन पाहा. लग्न होऊन आलेली सून आणि मागच्या पाच वर्षांत जन्मलेली लेकरे कार्डावर नसणे ही गावोगावची गोष्ट आहे. दोन नावे म्हणजे महिन्याला दहा किलो.

तूर सगळी विकू नका. पाच जणांच्या घराला दिवसाला ३०० ग्रॅम डाळ धरली तर वर्षाला ११० किलोच्या आसपास लागते, आणि तुरीची डाळ करताना शंभर किलोमागे सत्तरेक किलो हाती येते. म्हणून दीड क्विंटल तूर घरी ठेवायची. फेब्रुवारीत सगळी विकून पावसाळ्यात किराण्यातून डाळ आणणारा कास्तकार स्वतःच्याच तुरीवर दुकानदाराचा नफा भरतो.

विकायची वेळ आलीच तर क्रम ठरवून विका. हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल आधी जाऊ द्या. बैलजोडी, दुभती गाय, शिलाई मशीन, फवारणीचा पंप शेवटपर्यंत ठेवा. जाते किंवा त्याची तळी गहाण घेऊ नये, कारण तो जीवच गहाण घेणे आहे, असा नियम अनुवाद २४:६ मध्ये आहे. मोशेच्या काळचा तो नियम पोट भरण्याच्या साधनाबद्दल आहे आणि गहाण ठेवणाऱ्याने स्वतःलाही लावून घ्यावा. बोकड असतील तर श्रावणात घाबरून व्यापाऱ्याच्या गळ्यात घालू नका; बकरी ईदच्या आधीचे दोन आठवडे भाव चांगला असतो.

कोणाचे आधी फेडायचे

पोट, औषध आणि पुढचे बियाणे हे देणेकऱ्यांच्या आधी. त्यानंतर सर्वांत मोठ्या दराचे कर्ज आणि ज्यावर जमीन अडकली आहे ते. सोसायटीचे किंवा बँकेचे पीक कर्ज मुदतीच्या आत भरायचे, कारण ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला वेळेत फेड केल्यावर केंद्राची ३ टक्के सवलत मिळते आणि उरलेल्या व्याजाला राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा हातभार लागतो. तारीख चुकली की सवलत जाते आणि पुढच्या जूनला नवे कर्जही अडते.

दोन्ही कर्जांना पैसे पुरत नसतील तर काय? समजा, जानेवारीत हातात ७०,००० आहेत. सोसायटीचे ६०,००० मार्चअखेर द्यायचे, सावकाराचे मुद्दल ४०,०००, दर शेकडा पाच. बहुतेक जण सोसायटी भरतात आणि नव्या पीक कर्जातून सावकाराला देतात. मग बियाण्याला पैसा उरत नाही आणि जूनमध्ये तोच सावकार पुन्हा दारात असतो. त्यापेक्षा सावकाराचे ४०,००० जानेवारीतच पूर्ण फेडा, महिन्याचे २,००० वाचवा, उरलेले ३०,००० बाजूला काढा आणि बाकीचे ३०,००० तूर, मजुरी आणि बोकड यांतून मार्चपर्यंत उभे करा. फेब्रुवारीच्या मध्यावर ते जमत नाही असे दिसले, तर तारीख उलटण्याआधी बँकेत जा. तालुका दुष्काळी किंवा अतिवृष्टीबाधित जाहीर झाला असेल तर कर्जाचे पुनर्गठन लेखी अर्जाने मागता येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

कर्जमाफी होईल म्हणून भरायचे थांबणे हा जुगार आहे. २००८ च्या केंद्राच्या माफीत दोन हेक्टरांवरच्या शेतकऱ्याला थकबाकी पूर्ण माफ न होता साधारणपणे २५ टक्केच सूट होती, तीही उरलेली रक्कम भरली तर. विदर्भात सहा-सात एकर कोरडवाहू असणारा माणूस गरीबच असतो, पण कागदावर तो मोठा शेतकरी ठरला.

सावकार, जामीन आणि कोरा कागद

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारणावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. परवाना नसेल तर सावकारीच गुन्हा. बारा टक्के म्हणजे महिन्याला शेकडा एक. नहेम्या ५ मध्येही ‘शेकडा’ आहे, आणि अनेक अभ्यासक तो महिन्याचा धरतात. त्या अध्यायात लोकांनी दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली होती, राजाचा सारा भरायला कर्ज काढले होते. आणि नहेम्याने श्रीमंतांना उभे करून शेते आणि तो शेकडाही परत करायला लावला. मोठमोठ्या सभांत हा अध्याय फारसा वाचला जात नाही. वाचायला हवा.

सगळ्यात मोठी चूक कागदाची. कर्ज घेताना तारण म्हणून खरेदीखत करून देऊ नका. “पैसे दिले की जमीन परत लावून देतो” हे तोंडी असते, सातबारा मात्र त्याच्या नावावर होतो. कोऱ्या मुद्रांकावर सही, कोरा धनादेश, आधारच्या प्रतीवर सही, यांतले काहीही देऊ नका. जमीन अशी गेलीच असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार द्या. चौकशीत व्यवहार सावकारीतून झाल्याचे सिद्ध झाले तर जिल्हा उपनिबंधक तो रद्द ठरवून जमीन परत देऊ शकतात, आणि तक्रारीच्या आधीच्या पंधरा वर्षांतले व्यवहार यात येतात. पुरावा म्हणून हप्ता दिल्याच्या तारखा, फोनवरचे संदेश, साक्षीदार आणि वावर आजही कोण वाहतो याची नोंद उपयोगी पडते. वही इथे कामाला येते. मेळघाटात किंवा गडचिरोलीत कोरकू, गोंड कुटुंब ख्रिस्ती असले तरी आदिवासी म्हणून असलेले त्याचे जमिनीचे संरक्षण जात नाही; जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. वकिलाचा खर्च नको म्हणून कोणी थांबू नये. तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना वकील मोफत मिळतो, फोन १५१००.

गटकर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी येऊ किंवा फोन करू शकत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, हेही त्यात आहे. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज घेतले त्या दिवशी वहीत लाल शाईने खूण करा.

जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रे इतके सडेतोड बोलते की दुसरे काही सांगायला नको. सहाव्या अध्यायात म्हटले आहे की जामीन राहिला असशील तर डोळ्याला झोप न लागू देता जाऊन स्वतःला सोडवून घे. बाविसाव्यात इशारा आहे की फेडायला काही नसेल तर अंगाखालचे अंथरूण जाईल. मंडळीतल्या भावाला ‘नाही’ म्हणणे जड जाते. त्याला म्हणावे, “दादा, सही करत नाही, पण पेरणीला दोन दिवस बैलजोडी घेऊन येतो.” हे देणे खरे असते आणि घर बुडवत नाही.

मंडळीला सांगणे

“आमच्यासाठी प्रार्थना करा” एवढेच सांगू नका. पाळकाला आणि दोन विश्वासू वडिलांना घरी बोलवा, वही दाखवा आणि नेमकी गरज सांगा : तीन एकरांत निंदणाला माणसे नाहीत, कपाशीच्या चार थैल्या कमी पडतात, मुलीची परीक्षा फी महिनाअखेर भरायची आहे. नेमक्या मागणीला नेमके उत्तर मिळते. निंदणासाठी सावड करा : चार घरांनी आळीपाळीने एकेक दिवस एकमेकांच्या वावरात. मजुरीचा एक रुपया लागत नाही.

मंडळीकडे पैसा नसतो हे खरे. धान्य असते. मिझोराममध्ये बायका दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात. तीच रीत ज्वारी-तांदळाने इथे करता येते. मूठ ५० ग्रॅमची धरली, दिवसाला दोन मुठी, तर एका घरातून महिन्याला ३ किलो. वीस घरांचे ६० किलो होतात, आणि वर मोजलेली तूट ३० किलोची होती. म्हणजे दोन घरे पोटभर जेवतात. हे बंद का पडते? एक, पावसाळ्यात धान्याला सोंडे लागतात : डबा कोरडा हवा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, ओल्या हाताने मूठ काढू नये, आणि महिन्याच्या महिन्याला वाटून टाकावे, साठवू नये. दोन, वाटप एकटा पाळक करतो आणि कुजबुज सुरू होते. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होते म्हणून कुरकुर झाली होती (प्रेषितांची कृत्ये ६:१), आणि प्रेषितांनी ते काम सात जणांकडे सोपवले. तिघे तरी नेमा, त्यांत एक बाई हवीच. कोणाच्या घरात चूल पेटली नाही हे तिला आधी कळते. तीन, व्यासपीठावरून नावे वाचली जातात. तसे एकदा झाले की पुढच्या महिन्यात गरजू घर यादीत नाव देत नाही.

मदतीबरोबर काम द्यावे, हे पंडिता रमाबाईंनी दाखवले. मध्य प्रांतातल्या १८९६-९७ च्या दुष्काळातून त्यांनी मुली आणि बायकांना केडगावला नेले, तेव्हा तिथे विणकाम, शेती, छापखाना अशी कामे उभी केली. गावच्या मंडळीला छापखाना नको. मंदिराचे कंपाऊंड, पत्र्याची डागडुजी, रविवारच्या जेवणाच्या पोळ्या, ही कामे बाहेरच्या माणसाला देण्याआधी अडचणीतल्या घराला विचारा आणि मजुरी त्याच संध्याकाळी द्या. सूर्य मावळण्याआधी मजुरी द्या, हे अनुवाद २४:१५ आहे. मंडळीतल्या मोठ्या शेतकऱ्यांनी आपल्या सालदाराच्या बाबतीत ते एकदा काढून पाहावे.

दशांशाचा प्रश्न

पीक कर्जाचे पैसे खात्यात आले की त्यातून दशांश काढणारी घरे आहेत. ते करू नये. जुन्या करारात दशांश शेताच्या उत्पन्नाचा आणि कळपाच्या वाढीचा आहे. कर्ज हे उत्पन्न नाही. शिवाय अनुवाद १४:२८-२९ मध्ये तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी गावात पोटभर खावे म्हणून ठेवलेला आहे. तंगीच्या वर्षात तुमचे घर देणाऱ्यांच्या बाजूचे नसेल, घेणाऱ्यांच्या बाजूचे असेल, आणि शास्त्राने त्या बाजूलाही जागा ठेवली आहे. आपल्याजवळ असेल त्याप्रमाणे दिलेले मान्य होते, नसेल त्याप्रमाणे नव्हे (२ करिंथ ८:१२). मूठभर ज्वारी द्या, मंदिर झाडा, आजाऱ्याला तालुक्याला नेऊन आणा. काहीच न देता बसू नका मात्र. हात पूर्ण बंद झाला की आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे वाटायला लागते, आणि ते कर्जाहून वाईट आहे.

“हजार रुपयांचे बी पेरा, प्रभू शंभरपट देईल” म्हणत मोबाइलवर पैसे मागणाऱ्यांना एक पैसा पाठवू नका. विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट ते हमखास सांगतात. मार्क १२ मध्ये त्या गोष्टीच्या लगेच आधी, चाळिसाव्या वचनात, विधवांची घरे गिळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना प्रभूने दिलेला इशारा आहे. तो ते सांगत नाहीत.

नाताळ आणि लग्नाचा खर्च हाही इथलाच विषय. नाताळ कापसाच्या ऐन वेचणीत येतो, हातात रोख खेळते, आणि नव्या कपड्यांत आणि मंडपात सावकाराचा हप्ता जातो. फराळ चार घरांनी एका कढईत तळावा. लग्न मंदिरात, जेवण वरण-भात-भाजी-पोळी. गाव दोन दिवस बोलते.

तक्रारीची प्रार्थना

पीक बुडाले म्हणून देव रागावला, असे घरच्याला सांगायचे नाही. आंधळ्या माणसाबद्दल शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांचेही नाही म्हटले (योहान ९:३). बोंडअळी उपासना चुकवणाऱ्याच्या आणि न चुकवणाऱ्याच्या पऱ्हाटीत भेद करत नाही.

मग प्रार्थनेत काय म्हणायचे? स्तोत्र १३ घ्या, सहाच वचने आहेत. त्याची घडण अशी : आधी देवाला हाक, मग तक्रार (“किती काळ?” असे चार वेळा), मग नेमकी मागणी, आणि शेवटी पूर्वी त्याने केलेल्या एका गोष्टीची आठवण. हे चार भाग आपल्या बोलीत बोला. “देवा, पऱ्हाटी वाळली, तू कुठी हायस?” ही प्रार्थना आहे, स्तोत्रकर्ता याहून कडक बोलला आहे. लोक दुसरा भाग गाळून थेट स्तुतीवर येतात, कारण तक्रार करणे विश्वासात बसत नाही असे त्यांना शिकवलेले असते. त्यामुळे तक्रार देवाऐवजी बायकोवर निघते.

हबक्कूक ३:१७-१८ हे शेतकऱ्याचेच वचन आहे : अंजिराला फूल नाही, जैतुनाने दगा दिला, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आधी त्याने नुकसानीची यादी केली, एकही गोष्ट वगळली नाही, आणि ‘तरी’ हा शब्द यादी संपल्यावर आला. घरात बसून तुमच्या वावराची यादी त्या ओळींवर लिहा : बोंड, शेंग, ढोर, विहीर. ‘तरी’च्या पुढे त्या दिवशी काही सुचले नाही तर जागा रिकामी ठेवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसा. ही पंधरा मिनिटे दिवेलागणीनंतर, जेवणाआधी. जेवणानंतर थकलेला माणूस झोपतो.

रविवारबद्दल एक गोष्ट. वाफसा रविवारी आला तर पेरा. शब्बाथ माणसासाठी झाला (मार्क २:२७). उपासना संध्याकाळी घरी करा, आणि कोणी वडील नाक मुरडतील तर त्यांनाही तिफणीमागे यायचे आमंत्रण द्या.

घरातला माणूस गप्प झाला तर

जेवण टाकणे, रात्र-रात्र जागणे, वस्तू वाटून टाकणे, “माझ्यामागे तुमचे बरे होईल” असे बोलणे, अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखे वागणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. त्याला सरळ विचारा, “जिवाचे बरेवाईट करायचे मनात येते का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरातून हलवा, कुलूपबंद पेटीत ठेवा आणि किल्ली दुसऱ्या घरी द्या. १४४१६ हा टेलिमानसचा फोन चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात सोबत जा.

पाळकाने त्या वेळी काय करावे, याचा धडा १ राजे १९ मध्ये आहे. एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला वचने ऐकवली नाहीत, दटावले नाही; भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून जेवू घातले. बोलणे बऱ्याच दिवसांनी, डोंगरावर झाले. तेव्हा भेटीला जाताना डबा घेऊन जा आणि प्रवचन घरी ठेवा. ज्या घरात असा मृत्यू झालाच आहे, तिथे अंत्यविधी इतर कोणाचाही होतो तसाच, मंदिरातून, मानाने व्हावा. त्या बाईला वही कुठे आहे, कोणत्या बँकेत काय आहे, हे माहीत नसते. दोन वडिलांनी पहिल्या आठवड्यात तिच्यासोबत बसून कागद लावावेत, सावकार यायच्या आधी.

चुकाऱ्याचा दिवस

कापूस दव वाळल्यावर, दहाच्या पुढे वेचा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो, ८ ते १२ मध्ये कपात होते आणि १२ च्या वर गाडी परत येते. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता. दारात आलेल्या व्यापाऱ्याचा भाव चालू हंगामाच्या हमीभावाशी ताडून पाहा, आणि त्याच्या काट्यावर विश्वास टाकण्याआधी एक गाठोडे दुसऱ्या काट्यावर मोजा. चुकारा, म्हणजे केंद्रावर विकलेल्या कापसाचे पैसे, आधार जोडलेल्या खात्यात येतो. त्या खात्याच्या बँकेत तुमचे कर्ज थकलेले असेल तर बँक रक्कम अडवू शकते, म्हणून आधीच व्यवस्थापकाला भेटून किती कापायचे, किती सोडायचे हे ठरवून घ्या.

पैसे काढायला नवरा-बायको दोघे जा. तालुक्याच्या बाजारातून जाण्याआधी वही उघडा आणि ठरलेल्या ओळींप्रमाणे तिथेच वेगवेगळ्या पाकिटांत वाटा. सावकाराला रक्कम देताना मंडळीतला एक माणूस साक्षीला न्या. जुनी चिठ्ठी, कोरा धनादेश, मुद्रांक जे काही त्याच्याकडे असेल ते परत घ्या आणि चिठ्ठीवर ‘पूर्ण रक्कम मिळाली, येणे बाकी नाही’ असे तारखेसह त्याच्या हाताने लिहून घ्या. घरी आल्यावर ती ओळ वहीत आडवी रेघ मारून खोडा. चिठ्ठी मात्र आनंदात चुलीत टाकू नका. वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवा आणि वही पवित्र शास्त्राशेजारी त्याच फळीवर ठेवा.